माझा पहिला फ्लेअर ताऱ्याचा नव्हताच

एमएस्सीच्या शेवटच्या सेमला प्रोजेक्ट निवडायची वेळ आली तेव्हा वर्गातल्या बहुतेकांनी पटापट नॅनोपार्टिकल उचलले. लॅब तयार, केमिकल तयार, सिनियरचा रिपोर्ट तयार, फक्त तारीख बदलायची. मी मॅमच्या केबिनमधे गेले आणि म्हणलं मॅम मला आकाशातलं काहीतरी द्या. त्या म्हणाल्या, "आकाशातलं म्हणजे दुर्बिणीला डोळा लावून बसणं नाही हां, लॅपटॉपला लावून बसायचंय, चष्मा लागेल." चष्मा आधीपासूनच होता त्यामुळे मी हो म्हणलं.

विषय मिळाला थंड ताऱ्यांवरचे एक्स-रे फ्लेअर, म्हणजे अचानक उडणारे भडके. बार्शीला आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "थंड आहे म्हणतेस आणि भडका उडतो म्हणतेस, थंड असून भडकतोच कशाला तो?" मी म्हणलं आई नंतर सांगते. खरं म्हणजे मलाही माहीत नव्हतं.

थंड म्हणजे आपल्यासारखं थंड नाही, सूर्याचा पृष्ठभाग साधारण ५८०० केल्विन तर या लाल बटू ताऱ्यांचा तीन-साडेतीन हजार, म्हणून थंड. पण हे बुटके तारे आतून सतत ढवळत असतात, पिठलं रटरटतं ना तसं, खालचं गरम वर येतं आणि वरचं खाली जातं. सूर्यात हे ढवळणं फक्त बाहेरच्या थरात चालतं, आणि ज्यांचं वस्तुमान सूर्याच्या साधारण एक तृतीयांशापेक्षा कमी आहे ते तर गाभ्यापर्यंत सगळेच रटरटतात. त्यात तारा स्वतःभोवती गरागरा फिरत असला की त्या ढवळण्यातून प्रचंड चुंबकीय क्षेत्र तयार होतं. सूर्यावर हजार-तीन हजार गॉसची क्षेत्रं फक्त डागांमधे सापडतात, यांच्यातल्या काहींचं अख्ख्या पृष्ठभागाचं सरासरी क्षेत्रच तेवढं निघतं. मग ही चुंबकीय बलरेषांची वेटोळी पीळ बसून बसून कुठंतरी तुटतात, पुन्हा नव्यानं जोडली जातात आणि त्यात साठलेली ऊर्जा काही मिनिटांत वरच्या वायूत ओतली जाते. तो वायू कोट्यवधी डिग्रीला जातो आणि इतकं तापलेलं काहीही एक्स-रेमधेच चमकणार. तर भडकतो तो ताऱ्याचा पृष्ठभाग नाही, त्याच्या वरचा तापलेल्या वायूचा थर, करोना. हे सगळं आईला सांगितलं तेव्हा मार्च संपत आला होता आणि ती म्हणाली बरं, जेवलीस का.

मला खरंतर आपल्या देशाच्या अंतराळ दुर्बिणीचा, म्हणजे अ‍ॅस्ट्रोसॅटचाच डेटा हवा होता. पुण्यात राहायचं, आयुका ही खगोलशास्त्राची संस्था विद्यापीठाच्या आवारात, तिथल्या लोकांनी अ‍ॅस्ट्रोसॅटवर काम केलेलं, २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला आम्ही रांग लावून आत जातो, मग वाटणारच ना. पण मॅमनी वहीवर चित्र काढून दाखवलं. अ‍ॅस्ट्रोसॅट साधारण ६५० किलोमीटरवर, पावणेदोन तासाच्या आत पृथ्वीची एक फेरी. प्रत्येक फेरीत पृथ्वी मधे येते आणि तारा झाकला जातो, म्हणजे लाईट कर्व्ह (वेळेप्रमाणे प्रकाशाचा आलेख) निघते ती दात पडलेल्या फणीसारखी. माझ्यासारख्या नवशिकीच्या नशिबात फ्लेअर नेमका पडलेल्या दातातच येणार. म्हणून मग एक्सएमएम-न्यूटन. युरोपची एक्स-रे दुर्बीण, १० डिसेंबर १९९९ ला वर गेली, कक्षा इतकी लांबोडकी की एका फेरीला साधारण ४८ तास लागतात, त्यामुळे ती एका ताऱ्याकडे तासन् तास न हलता बघू शकते. ज्यानं वेळ मागून निरीक्षण घेतलं त्याच्याकडे डेटा साधारण वर्षभर राहतो, नंतर सगळ्या जगाला फुकट. कर्वेनगरच्या वन बीएचकेमधे चौघीत राहणाऱ्या मुलीलासुद्धा. (ताऱ्याचं नाव इथं लिहीत नाहीये, पेपर अजून जायचाय आणि मॅमनी तंबी दिलीय. इतकंच सांगते की पंधरा-वीस प्रकाशवर्षांवरचा लाल बटू आहे.)

पहिले बारा दिवस मी ताऱ्याचं तोंडही बघितलं नाही. सगळं इन्स्टॉल करण्यात गेलं. उबंटू टाकलं, मग एक्सएमएमचं सॉफ्टवेअर, त्याला लागणारं दुसरं सॉफ्टवेअर, त्या दुसऱ्याला पायथनचं नेमकं जुनंच व्हर्जन लागणार, मग कॅलिब्रेशनच्या फायली ज्या कितीतरी जीबीच्या आणि आमचं वायफाय चौघीत एक, त्यातली एक रात्री सिरियल बघणार. सगळं बसलं एकदाचं तर पहिलीच कमांड दोन सेकंदात मरायची. दोन दिवस मी एररचा एकेक शब्द गूगल करत बसले. मग मॅमकडे पीएचडी करणारा एक दादा आहे त्याला स्क्रीनशॉट पाठवला, त्याचं उत्तर आलं एका ओळीत, "फोल्डरच्या नावात स्पेस का आहे?" मी फोल्डरला "माय प्रोजेक्ट" असं सुटसुटीत नाव दिलं होतं. मधली मोकळी जागा काढली आणि चाललं. दोन दिवस गेले एका मोकळ्या जागेत.

पण त्यानंतर जी फाईल उघडली ती मला आजही भारी वाटते. इव्हेंट लिस्ट म्हणतात तिला. प्रत्येक ओळ म्हणजे एक फोटॉन (निदान सॉफ्टवेअरला जो फोटॉन वाटला तो), कधी आला, चिपवर कुठं पडला, ऊर्जा किती. वेळ लिहिलेली असते १ जानेवारी १९९८ पासूनच्या सेकंदात, त्यामुळे सगळे आकडे नऊ अंकी आणि पहिल्यांदा बघताना काहीच बोध होत नाही. माझं निरीक्षण बरंच जुनं, साधारण अकरा तासांचं. तारा पंधरा-वीस प्रकाशवर्षं लांब, म्हणजे यातले फोटॉन तिकडून निघाले तेव्हा आईबाबांचं लग्नही झालं नव्हतं. हे मी रूममेटला सांगितलं तर ती म्हणाली मग आहेर काय आणला त्यांनी. फार्मसीवाली आहे, तिला काही वाटत नाही.

आता लाईट कर्व्ह. म्हणजे ताऱ्याभोवती एक गोल काढायचा, त्यातले फोटॉन मोजायचे आणि वेळेप्रमाणे आलेख काढायचा. दहा-दहा सेकंदांचे कप्पे केले तर सगळं नुसतं थरथरणारं गवत दिसतं, हजार सेकंदांचे केले तर छोटंमोठं सगळं गिळलं जातं, शेवटी शंभरवर आले. एंटर मारला. आणि आलेखाच्या उजवीकडच्या अर्ध्यात हा एवढा मोठा डोंगर! बाकी सगळं त्याच्यापुढं जमीन. रात्रीचे दीड वाजले होते, मी ओरडले, एक रूममेट उठून बसली, तिला वाटलं झुरळ. फोटो काढून दादाला पाठवला, वर्गाच्या ग्रुपवर टाकला, आईला पाठवला, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चौघी जाऊन मस्तानी प्यायलो आणि बिल मी दिलं. (हा शेवटचा मुद्दा नंतर मला फार लागला.)

सोमवारी मॅमना दाखवलं. त्यांनी आलेखाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि शांतपणे विचारलं, "बॅकग्राउंडची काढलीस का गं?"

नव्हती काढली. तिथंच बसून काढली. चिपच्या कोपऱ्यात जिथं एकही तारा नाही असा गोल घेतला, तेच शंभर सेकंदांचे कप्पे. तोच डोंगर. तसाच उंच, त्याच वेळेला, खाचाखोचांसकट.

असा पोपट आयुष्यात झाला नव्हता.

झालं होतं असं की एक्सएमएमची लांबोडकी कक्षा तिला पृथ्वीच्या चुंबकीय आवरणातून आत-बाहेर नेत राहते आणि तिथं कमी ऊर्जेच्या प्रोटॉनचे ढग फिरत असतात. दुर्बिणीत तीन आरसे, प्रत्येक आरसा म्हणजे एकात एक बसवलेली ५८ नळकांडी. ती बनवलीत एक्स-रेला हलकेच वळवून एका ठिकाणी आणायला, पण प्रोटॉनही त्यांच्यावरून तसेच घसरत घसरत कॅमेऱ्यावर येऊन पडतात आणि कॅमेरा त्यांनाही फोटॉन समजून मोजतो. यालाही लोक प्रोटॉन फ्लेअरच म्हणतात, जखमेवर मीठ. म्हणजे ज्या भडक्यासाठी मी मस्तानी पाजली तो दुसऱ्या ताऱ्यावर झालाच नव्हता, तो आपल्याच पृथ्वीच्या अंगणात.

दादानं मग रीतसर पद्धत शिकवली. १० ते १२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टमधले (हे ऊर्जेचं एकक) काउंट, म्हणजे कॅमेऱ्याच्या नोंदी, वेगळे काढायचे, कारण आमच्या ताऱ्यासारख्यांचे इतक्या वरच्या ऊर्जेचे फोटॉन जवळपास नसतातच, तिथं जे दिसेल ते बहुतेक प्रोटॉनच. एक्सएमएमच्या पीएन नावाच्या कॅमेऱ्यासाठी सेकंदाला ०.४ काउंट ही नेहमीची रेघ, तिच्या वर गेलेला वेळ फेकून द्यायचा. तसं केलं. अकरा तासांतले जवळजवळ चार गेले. रडू आलं. पण उरलेल्याचा आलेख नव्यानं काढला तर, आणि हे मी आधी बघितलंच नव्हतं कारण त्या डोंगरामुळं बाकी सगळं चपटं झालं होतं, डोंगराच्या अलीकडं एक नाजूक सुळका उभा होता. पाच-सहा मिनिटांत सरळ वर, नेहमीच्या पाचपट, आणि मग हळूहळू खाली. बॅकग्राउंडमधे त्या वेळेला काही नाही, सपाट. म्हणजे खरा होता, ताऱ्याचाच होता. यावेळी मी कोणालाही फोटो पाठवला नाही.

आणि आता खरी गंमत, किंवा वैताग. सुळका उतरता उतरता मधेच कापला गेला होता, कारण त्याच्या शेपटीवरच प्रोटॉनचा ढग सुरू होत होता. रेघेप्रमाणे फेकलं तर शेपूट जाते. ठेवलं तर शेपटीत प्रोटॉन मिसळलेले, बॅकग्राउंड वजा केलं तरी उरलेल्यावर भरवसा किती. शेपूट कशाला हवी तर फ्लेअर किती वेळात विझतो त्यावरून ते तापलेलं वेटोळं किती लांब आहे याचा अंदाज बांधतात, लांब वेटोळं सावकाश निवतं, आखूड लवकर. थोडक्यात माझ्या अख्ख्या प्रोजेक्टचं मुख्य उत्तर त्या शेपटीत होतं. मॅमना विचारलं काय करू, त्या म्हणाल्या दोन्ही कर, दोन्ही लिही, आणि फरक किती पडतो तेही लिही. मला वाटलं होतं त्या एक काहीतरी सांगतील. तेव्हा रागच आला होता, आता वाटतं बरोबरच होतं ते.

फेब्रुवारीतल्या एका रात्री गच्चीवर गेले होते, लाईट गेली होती म्हणून. कर्वेनगरात लाईट गेली की थोडे तारे तरी दिसतात. मॅमनी सांगितलं होतं की असले भडकणारे तारे आपल्या नेहमीच्या नक्षत्रांतच लपलेत. पुनर्वसूतला कॅस्टर जो डोळ्यांना एक दिसतो तो प्रत्यक्षात सहा ताऱ्यांचं कुटुंब, त्यातली एक जोडी लाल बटूंची, साडेएकोणीस तासांत एकमेकांभोवती फिरणारी आणि दोघेही तापट. मघाच्या विळ्यातला अल्जीबा आहे त्याच्या अगदी खेटून, पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीच्या साधारण सहाव्या भागाइतक्या अंतरावर, एडी लिओनिस नावाचा आणखी एक प्रसिद्ध भडकू. मी अल्जीबा शोधला, सापडला. शेजारचा अर्थातच दिसला नाही, तो नवव्या प्रतीचा, त्याला दुर्बीण लागते. लाईट आली, खाली आले.

मग स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या ऊर्जेचे किती फोटॉन आले त्याचा आलेख. फ्लेअरच्या टोकाचा स्पेक्ट्रम काढून त्यावर मॉडेल बसवलं तर तापमान आलं नऊ कोटी डिग्री. भारीच की! पण आता मी दूध पोळलेली होते, मॅमच्या आधी दादालाच विचारलं. तो म्हणाला, "पाईल-अप बघितलंस?" तर ते असं आहे की कॅमेरा ठराविक वेळानं चिप वाचतो. तारा एकदम प्रखर झाला आणि दोन वाचनांच्या मधे एकाच जागी दोन फोटॉन पडले तर कॅमेरा त्यांना एकच समजतो, दोघांच्या ऊर्जेची बेरीज असलेला एक. एक-एक किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे दोन आले की मोजला जाणार दोनचा एक. म्हणजे फोटॉन कमी मोजले जातात आणि आहेत त्यापेक्षा तापट दिसतात, आणि हे नेमकं फ्लेअरच्या टोकालाच जास्त होतं जिथं आपल्याला तापमान हवंय. एसटीत दोघांनी एक तिकीट काढावं आणि कंडक्टरनं एकाच जाडजूड माणसाची नोंद करावी तसं. उपाय म्हणजे ताऱ्याच्या प्रतिमेचा मधला सगळ्यात प्रखर भाग कापून टाकायचा आणि कडेची रिंग तेवढी वापरायची, मेदूवड्यासारखी. ते केलं तर तापमान साडेतीन कोटीवर आलं. साडेपाच कोटी डिग्री माझ्या कॅमेऱ्यानं गर्दीत स्वतःच तयार केले होते.

साडेतीन कोटी पण काही कमी नाही, सूर्याचा शांत करोना दहा-वीस लाखांचा.

त्यानंतर ऊर्जा काढली तेव्हा सुपरफ्लेअरच्या जवळ गेली (सुपरफ्लेअर म्हणजे साधारण १ वर ३३ शून्य इतक्या अर्ग ऊर्जेच्या वरचा) आणि मी यावेळी आनंद होऊच दिला नाही, सरळ चूक शोधायला बसले. अर्ध्या तासात सापडली. अंतर पार्सेकमधे टाकायचं होतं, मी प्रकाशवर्षांचा आकडा टाकलेला. एक पार्सेक म्हणजे ३.२६ प्रकाशवर्षं, सूत्रात अंतराचा वर्ग, म्हणजे उत्तर साडेदहा पटीनं फुगलं होतं. याबद्दल मॅमना आजतागायत सांगितलेलं नाही.

मला सगळ्यात आवडलेला भाग मात्र पुढचा. मॅम म्हणाल्या फ्लेअरचे तुकडे कर, प्रत्येक तुकड्याचं तापमान वेगळं काढ. फोटॉन कमी, त्यामुळे चारच तुकडे जमले, त्रुटीच्या रेघा लांबच लांब. तरीही दिसलं ते स्पष्ट होतं, तापमान सगळ्यात जास्त चढतीच्या तुकड्यात, आणि प्रकाश सगळ्यात जास्त त्याच्या पुढच्या तुकड्यात. म्हणजे तारा जेव्हा सगळ्यात जास्त चमकत होता तेव्हा तो निवायला लागलेला होता. मला वाटलं परत काहीतरी चुकलंय. पण नाही, हे असंच होतं, सूर्यावरही होतं. आधी बलरेषा तुटून-जुळून वर ऊर्जा सुटते, ती खाली येऊन खालचा दाट थर तापवते, मग तिथला वायू उसळून वेटोळ्यात वर चढतो आणि ते भरत जातं. जितकं भरेल तितका एक्स-रे प्रकाश जास्त, पण भरेपर्यंत मूळ आच उतरलेली असते. आईला सांगितलं, म्हणलं दूध बघ ना, पातेलं आधी तापतं, उतू नंतर जातं. आई म्हणाली, "आणि गॅस बंद केला तरी वर येतच राहतं थोडा वेळ." मी दोन मिनिटं गप्पच झाले, कारण हा भाग मला लिहिताना सुचला नव्हता. फक्त दुधाला आच खालून असते आणि इथं ती वरून खाली येते, हे मी तिला सांगितलं नाही, जमलेलं बिघडवायचं कशाला.

सूर्याशी तुलना करायची म्हणून एक ढोबळ गणितही केलं. सूर्याचे फ्लेअर ए, बी, सी, एम, एक्स असे चढत्या क्रमानं मोजतात, मे २०२४ मधे सौर वादळानं लडाखमधे हानलेचं आकाश लाल झालं आणि सगळ्यांच्या स्टेटसला तेच फोटो होते, त्याच आठवड्यात १४ तारखेला एक्स ८.७ चा फ्लेअर झाला होता. आमच्या ताऱ्याचा टोकाचा प्रकाश सूर्याच्या जागी ठेवून बघितला तर आला एक्स ३०० च्या पुढं. ऊर्जेचे पट्टे सारखे नाहीत त्यामुळं आकड्याला फार घट्ट धरू नका, पण तरी. आणि लाल बटूंचे उबदार ग्रह तर अगदी चुलीजवळ बसलेले. प्रॉक्सिमा सेंटॉरीचा २०१६ मधे सापडलेला ग्रह ११.२ दिवसांत फेरी मारतो, पृथ्वी-सूर्य अंतराच्या विसाव्या भागावर, म्हणजे तितक्याच भडक्याचा तडाखा त्याला चारशेपट. (वर्गात प्रेझेंटेशनला एकानं विचारलं की एम प्रकारच्या, म्हणजे लाल बटू, ताऱ्यावर एम क्लासचे फ्लेअर होतात का. अक्षर एकच, संबंध काही नाही, पण मीही जानेवारीत हेच समजत होते म्हणून हसले नाही.)

रिपोर्ट सबमिशनच्या आदल्या रात्री बाईंडिंगवाल्याकडे अकरा वाजता गेले, तो म्हणाला ताई सगळ्यांचंच आज आहे, बसा. बसले.

व्हायवाला बाहेरून आलेले सर होते. बाकी स्लाईडवर काही बोलले नाहीत, लाईट कर्व्हवर थांबले. म्हणाले, "याची शेपूट कुठंय?" मी म्हणलं, "सर, प्रोटॉननी खाल्ली." तोंडातून मराठीतच निघालं. ते हसले आणि म्हणाले मग वेटोळ्याची लांबी काय देतेस. मी दोन्ही आकडे सांगितले, शेपूट फेकून दिली तर साधारण ५० हजार किलोमीटर, ठेवली तर लाखाच्या आसपास. "म्हणजे चार पृथ्व्या की आठ पृथ्व्या?" मी म्हणलं सर दोन्हीच्या मधे कुठंतरी, याहून जास्त या डेटात नाहीये. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. मॅम खिडकीबाहेर बघत होत्या पण मला त्यांचा चेहरा माहितीय, हसत होत्या.

आता रिझल्ट लागलाय, नोकरी शोधतेय, एका कोचिंग क्लासमधे बारावीचं फिजिक्स शिकवते. त्याच ताऱ्याचं दुसरं एक निरीक्षण आर्काईव्हमधे आहे, काल रात्री उतरवून घेतलं. फोल्डरच्या नावात स्पेस नाही. ताऱ्याचा आलेख अजून काढलेला नाही, आधी १० ते १२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा काढला. पहिले सहा तास सपाट आहे, पुढं थोडी कुरबुर दिसतेय.